पाळण्याआधीच्या तीन प्रदक्षिणा

या गं बायांनो, अशा जवळ सरून बसा. तांब्या मध्ये ठेवलाय, जिला लागेल तिनं पाणी घ्यावं, संकोच नको. काल कीर्तनात नव्या बुवांनी आपल्या देवळातल्या तीन प्रदक्षिणांचा अर्थ सांगितला, तो ऐकलात ना? पूर्वरंग संपला, अभंगाचं निरूपण झालं, की गोष्ट सुरू होण्याआधी सगळं देऊळ उठतं आणि रामाभोवती तीन फेऱ्या घालतं. त्या म्हणे त्रिविध तापांच्या निवारणासाठी, आणि रीत म्हणे कित्येक पिढ्यांची. फार गोड बोलतात बुवा. गळाही सुरेल आहे. मीसुद्धा मान डोलावली. पण ही रीत सुरू झाली तेव्हा मी तिथं होते. चांगली देवाशेजारी चौरंगावर बसले होते, आणि खरं सांगायचं तर तिथून पळून जाण्याच्या बेतात होते. ती हकिगत आज तुम्हाला सांगते.

त्या वर्षी चैत्रातली पंचमी होती. उन्हं कलायला लागली होती, तरी सभामंडपाचे पत्रे अजून तापलेले होते. नारदाच्या गादीवर ह.भ.प. मालतीबाई चांदोरकर उभ्या होत्या. नऊवारी लुगडं, कमरेला उपरणं, हातात झांजा. साठी उलटलेली बाई, पण आवाज असा की पेटीवाल्याला चढ्या पट्टीत जावं लागायचं. कैकेयी दशरथाकडे वर मागत होती. दशरथ म्हणत होता, दुसरं काहीही माग. मालतीबाईंनी झांज थांबवली, आवाज खाली आणला, आणि त्या शांततेत मी उठले.

उठले म्हणजे काय, उठावंच लागलं. आतून अशी कळ आली की आता एक क्षणही दम धरवणार नाही. पदर तोंडाला लावला, माणसांच्या मांड्या चुकवत दाराशी पोचले, आणि देवळामागच्या भक्तनिवासाकडे अक्षरशः धावले. तिथं काय, चमचाभर. आणि ती चमचाभर होताना अशी आग की डोळ्यांतून पाणी आलं. तोंड धुतलं, डोळे पुसले आणि परत येऊन दाराशीच टेकले.

शेजारी प्रमिलावहिनी जोगळेकर बसल्या होत्या. देवस्थानचे अध्यक्ष तात्या, त्यांची ही बायको. त्यांनी माझे लाल डोळे पाहिले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"शरयू," त्या कुजबुजल्या, "किती गं तो भाव! आम्ही नुसत्या ऐकतो. तुला सोसवत नाही."

"हो ना," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आमच्या वेळण्याच्या देवळात एक समजूत आहे. रामकथा चालू असताना मारुतीराय कुठंतरी येऊन बसलेले असतात. मध्येच उठून जायचं म्हणजे त्यांना ओलांडायचं. त्यामुळे नमन झालं की आरतीपर्यंत कुणी हलत नाही. लहान पोरंसुद्धा आयांच्या मांडीवर झोपतात. अशा देवळात मी रोज उठत होते, आणि तेसुद्धा नेमकी गोष्ट रंगात आली की. लोकांनी त्याचा एकच अर्थ लावला. आठल्यांच्या शरयूवहिनींना भाव आवरत नाही. सीतेचं दुःख आलं की त्या रडायला बाहेर जातात, लोकांसमोर रडत नाहीत, केवढी मर्यादा!

पन्नाशी ओलांडून चार-पाच वर्षं झाली होती. पाळी कधीचीच गेली होती, आणि मी देवाला नारळही फोडला होता, की सुटले एकदाची. सुटले कसली! वर्षभरातच उन्हाळी लागल्यासारखं व्हायला लागलं. लघवीला जळजळ, घडीघडी जावंसं वाटणं, शिंकले तरी धाकधूक. बर्वे डॉक्टरांकडे जायचे. आमचे घरचे डॉक्टर, सज्जन माणूस. मी दारातून म्हणायची, "पुन्हा तेच," आणि ते मान खाली घालून लिहायचे. त्यांना विचारायची लाज, मला सांगायची. गोळ्या घेतल्या की आठवडाभर बरं वाटायचं, की वाटतंय असं वाटायचं. मग पुन्हा तेच. मी धने-जिऱ्याचं पाणी केलं, सब्जा केला, वाळा घातला. शेवटी स्वतःच एक उपाय काढला: कीर्तनाच्या दिवशी सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. आत गेलंच नाही तर बाहेर कुठून येणार?

ते चैत्रातलं ऊन, आणि पन्ह्याचा पेला पुढं आला की मी हात जोडायची. "नको, कीर्तन होईपर्यंत नाही." दोन दिवसांत गावभर झालं की शरयूवहिनींनी उत्सवात निर्जळी धरली आहे.

मी नाही म्हटलं नाही. म्हणणार तरी कसं? नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न होताच की, मग पाणी का पीत नाही?

घरात त्याहून वरताण. आमचे हे एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. साधा माणूस, मनात आलं ते ओठावर. वर्षभरापूर्वी मी एकदा त्यांना म्हटलं होतं की आता आपली वयं झाली, तुम्ही पडवीत निजत जा, वारा चांगला लागतो. त्यांनी मुकाट्यानं गादी उचलली. आणि पारावर जाऊन मित्रांना सांगितलं, "आमच्या हिला विरक्ती आली बरं का. संत वृत्तीची आहे, मी तिच्या आड येत नाही." लोक मला वाकून नमस्कार करायला लागले, ते तेव्हापासून.

तर त्या पंचमीला आरती झाली, बुक्का लावून झाला, आणि तात्या जोगळेकर माइकपुढं उभे राहिले. खोकले.

"एक आनंदाची सूचना. आपल्या आठल्ये घराण्याकडे रामजन्माच्या पाळण्याची दोरी धरण्याचा मान आहे, हे सर्वांना ठाऊक आहेच. यंदा शरयूवहिनींनी जे कडक निर्जळी व्रत आरंभलं आहे, त्याबद्दल नवमीला जन्माच्या कीर्तनाआधी त्यांचा सत्कार होईल. त्यांना पाळण्याशेजारी चौरंगावर बसवण्यात येईल, म्हणजे समस्त भगिनींना त्यांचं दर्शन होईल. आरंभापासून अखेरपर्यंत."

टाळ्या पडल्या. मी मनात नवमीपर्यंतचे दिवस मोजले.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. पण पाळण्याची दोरी म्हणजे काय, ते आमच्या घरात विचारा. लग्न होऊन आले त्या चैत्रात सासूबाईंनी ती माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "सोन्याचा दागिना देत नाही, ही दोरी देते. दुपारी बाराला देव जन्माला येतो तेव्हा पहिला आवाज आपला असतो." तो पाळणा म्हणायला मी वर्षभर जगायची. एरवी दाराशी बसून वेळ निभावत होते. पण नवमीला दाराशी नाही, देवाशेजारी, सगळ्या गावासमोर चौरंगावर! उठले तर भर जन्मकीर्तनात पाळणा टाकून गेले असं होणार, आणि नाही उठले तर काय होणार, ते मनात आणवेना. एकच वाट दिसत होती: आजारपणाचं निमित्त करायचं आणि दोरी दुसरीच्या हातात द्यायची. आणि एकदा गेलेला मान परत येत नाही.

मालतीबाई उत्सवात आमच्याकडेच उतरायच्या. कीर्तनकारानं आठल्यांकडे उतरायचं, ही जुनी पद्धत. त्या संध्याकाळी मी सोलकढीसाठी नारळ खवत होते. त्या येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या. झांजा अजून हातात होत्या.

"शरयूताई, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा ना."

"माझं काय चुकतंय?"

खवणीवर माझा हात थांबला. "म्हणजे?"

"मी गादीवर उभी असते. मला सगळं दिसतं. गाव म्हणतं तुम्हाला भाव आवरत नाही. गावाला म्हणू दे. मी आयुष्यभर माणसं रडवत आले आहे, रडणारं माणूस कसं उठतं ते मला कळतं. ते हळू उठतं. तुम्ही आग लागल्यासारख्या उठता. परवा शबरीला उठलात. मी म्हटलं, बोरं जरा लांबली. काल अहिल्येला उठलात. मी रात्री आख्यान मनात घोळवलं, वाटलं शिळेचं वर्णन पुन्हापुन्हा येतंय. आज कैकेयीला म्हणायची साकी मी अर्धीच गायले तुमच्यासाठी. तरी उठलात! या गावात एकच कान खरा आहे म्हणतात, तो तुमचा. तो कान पाठ फिरवून जातो. मी उद्या तात्यांना सांगून परत जाते."

"अहो बाई!" मी खवणीवरून उठलेच. "तुम्ही काय हे मनात घेऊन बसलात? तुमच्या कीर्तनाचा काही दोष नाही हो."

"मग दोष कुणाचा?"

मी दार लोटलं. आणि ज्या गोष्टीला मी नवऱ्यापाशी, डॉक्टरांपाशी, देवापाशीसुद्धा नाव दिलं नव्हतं, ती त्या परक्या बाईला सांगितली. घडीघडीची कळ, आग, नुसतं लुगडं घासलं तरी होणारी चुरचुर. निर्जळीचं खरं कारण. पडवीतल्या गादीचंसुद्धा, आडून आडून.

मालतीबाई ऐकत होत्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. पाहते तर हसू दाबताहेत.

"म्हणजे कैकेयी ठीक होती?"

"फार छान होती हो! मी भक्तनिवासापर्यंत ऐकत होते."

"साकी उगाच गाळली मग." त्यांनी झांजा खाली ठेवल्या. "शरयूताई, मी दोन-दोन तास त्या गादीवर उभी असते. मला तर दारापर्यंत जायचीही सोय नाही. तीन वर्षांमागं माझीही हीच गत होती. मध्येच 'बोला जयजयकार' करून वेळ मारून न्यायची. लोक म्हणायचे, बाईंच्या कीर्तनात नामाचा गजर फार. तालुक्याला खाडे म्हणून डॉक्टरीणबाई आहेत. उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ."

"पण मी गोळ्या घेतल्या ना बर्व्यांच्या."

"त्यांनी तपासलं होतं?"

"तपासायचं काय त्यात?"

"तेच म्हणते मी," मालतीबाई म्हणाल्या, आणि सोलकढीसाठी वाटी पुढं केली.

डॉक्टर खाडे माझ्या भाचीच्या वयाच्या. सर्दीनं नाक लाल झालेलं, टेबलावर वाफेचं यंत्र. मला वाटलं, ही पोर काय विचारणार मला! पण पोरीनं विचारायला सुरुवात केली आणि थांबेचना.

"पाळी जाऊन किती वर्षं झाली? त्यानंतर कधी रक्त दिसलं? डागभरसुद्धा?"

"नाही हो."

"आठवून सांगा. दिसलं असतं तर आधी त्याचाच शोध घ्यावा लागला असता. छातीत गाठ, कसलं ऑपरेशन, घरात कुणाला कॅन्सर? साखर तपासली आहे? लघवीतून रक्त? ताप? थंडी वाजून?"

सगळ्याला नाही.

"जळजळ फक्त लघवीच्या वेळी, की एरवीही?"

"एरवीही. आतून कोरडं, ताणल्यासारखं."

"यजमान जवळ आले तर दुखतं?"

मी समोरच्या भिंतीवरचं बाळाचं चित्र पाहायला लागले. मालतीबाई शेजारी बसल्या होत्या. "सांगून टाक," त्या म्हणाल्या. एका रात्रीत मी अहोजाहोतून एकेरीवर आले होते. "आख्यान अर्ध्यात सोडू नये."

"म्हणूनच ते पडवीत निजतात," मी चित्राला सांगितलं.

डॉक्टरांनी हसू न आणता लिहून घेतलं. मग मालतीबाईंना बाहेर बसवलं, मला पडद्याआड नेलं. काय करणार ते आधी सांगितलं, दुखलं तर थांबेन म्हणाल्या, आणि खरंच थांबल्या. पोट चाचपलं, खोकायला लावलं, अंग खाली उतरलं आहे का ते पाहिलं. एक पिवळी कागदाची पट्टी आत टेकवून मला दाखवली. ती हिरवट झाली होती.

"पाळी चालू असलेल्या बाईची ही पट्टी सहसा पिवळीच राहते. जंतूंपासून राखणारा आतला आंबटपणा तुमचा गेला आहे. त्वचा फिकी, पातळ झाली आहे, सुकलेल्या पाकळीसारखी. नुसत्या स्पर्शानं लाल ठिपके उठतात. तुम्ही धुता कशानं?"

मी जरा अभिमानानंच सांगितलं. "उत्सवात सोवळं असतं ना. प्रत्येक वेळी साबण लावून. जंतुनाशकाचे दोन थेंबही घालते."

"अरे देवा," डॉक्टर म्हणाल्या, आणि शिंकल्या.

कपडे सारखे करून बाहेर आले तेव्हा त्यांनी मला खुर्चीवर नीट बसवलं. "आजी म्हणू की ताई?"

"ताई म्हणा. अजून पाळणा म्हणायचाय मला."

"ताई, पाळी थांबते तेव्हा अंगात एक रस बनायचा थांबतो. योनीची त्वचा आणि लघवीची वाट, दोन्ही त्याच रसावर पोसलेली. तो आटला की दोन्हीकडे एकदमच कोरडं पडतं. म्हणून तिकडे आग, आणि इकडे घाई. तुम्ही दोन दुखणी समजत होता, ते एकच आहे. निम्म्या बायकांना होतं, आणि त्यातल्या बहुतेक जणी ते उन्हाळी म्हणून अंगावर काढतात. लघवी मी तपासायला देते, जंतू आहेत का ते पाहायलाच हवं. पण लघवीत बुडवलेल्या पट्टीवर तरी आज काही दिसत नाही. आणि पाणी किती पिता?"

"तिचं निर्जळी व्रत आहे," मालतीबाईंनी सांगितलं. आवाज अगदी गंभीर.

"कुणी सांगितलं?"

"गावानं."

"ते मोडा. पाणी तोडलं की लघवी घट्ट होते आणि आग वाढते. साबण बंद. हे मलम रात्री आत लावायचं. थोडं असतं, अंगात फारसं भिनत नाही. तुमच्या बाबतीत चालेल. महिन्याभरात फरक पडेल, पुरतं बरं वाटायला दोन-तीन महिने."

"नवमी तीन दिवसांवर आहे."

"नवमी रामावर सोडा," डॉक्टर खाडे म्हणाल्या. "मलमाला तिथी कळत नाही."

घरी परतताना मी बसमध्ये खिडकीशी बसून पाणी प्यायले. बाटलीभर. कित्येक दिवसांनी. काय त्या पाण्याची गोडी! आणि ते उतरतं न उतरतं तोच नवमी आठवली. आता प्यायचं तर आहे. मग चौरंगावर बसायचं कसं?

संध्याकाळी मालतीबाई कीर्तनाला लवकर गेल्या. मी ह्यांच्यासमोर चहा ठेवला आणि औषधाची पिशवी शेजारी ठेवली. त्यांनी मलमाची नळी उचलून लांब धरून वाचली. काही कळलं नाही.

"काय म्हणाली डॉक्टरीण?"

मी सांगितलं. जमलं तेवढं. त्यांनी नळी जपून पिशवीत परत ठेवली.

"म्हणजे विरक्ती नाही?"

"विरक्ती कसली? दुखत होतं."

"मग सांगायचंस."

"तुम्ही विचारलंत?"

"मी कशाला विचारू? मला वाटलं, तू देवाकडे गेलीस. तिथं मी मध्ये कसा येऊ?" त्यांनी चष्मा काढला, उगाचच पुसला. "मी पारावर सगळ्यांना सांगून बसलो गं. परवा तो रेगे माझ्या पाया पडला. म्हणाला, तुम्ही धन्य. आता काय सांगू त्याला?"

"काही सांगू नका. पडू दे पाया."

ते हसले. मग मीही हसले. त्या वर्षात आम्ही दोघं एकाच गोष्टीला एकदम हसलो नव्हतो.

त्या रात्री जेवताना मालतीबाईंनी विचारलं, "मग नवमीचं काय ठरलं?" मी म्हटलं, तापाचं निमित्त करते, दोरी प्रमिलावहिनींना देते.

हे ताटावरून बोलले. "माझ्या नोकरीत मी एकच वाक्य बोललो. माइकवरून. गाडी इथं दहा मिनिटं थांबेल. आणि ज्या गाडीत बायका जास्त, तिथं ड्रायव्हरला सांगायचो, घाई करू नकोस. एसटीसारखी एसटी थांबते. तुमचं कीर्तनच तेवढं विनाथांबा."

मालतीबाईंचा हात भातात तसाच राहिला. त्या ह्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताक वाढ गं शरयू."

लघवीचा रिपोर्ट अष्टमीला आला. जंतू नाहीत. इतकी वर्षं ज्यांच्यासाठी गोळ्या खाल्ल्या, ते पाहुणे घरात नव्हतेच. दोरीचं मात्र मी ठरवलं होतं. पण मालतीबाई म्हणाल्या, "उद्या सकाळी तू पाणी पिऊन ये आणि चौरंगावर बस. माझ्या कीर्तनातून उठलीस तर मी बघून घेईन."

नवमीला सकाळपासूनच देऊळ भरलं. मला हिरवं लुगडं नेसवून चौरंगावर बसवलं. तात्यांनी शाल पांघरली, निर्जळी व्रताची महती सांगितली, नव्या पिढीनं आदर्श घ्यावा म्हणाले. आणि भेट म्हणून काय दिलं? चांदीचं फुलपात्र. पाणी प्यायचं. बायकांनी ओळीनं येऊन माझ्या पायांना हात लावले. माझ्या पोटात दोन तांबे पाणी, आणि मी पायांची बोटं आखडून त्यांना आशीर्वाद देते आहे.

नमन झालं, निरूपण सुरू झालं. मालतीबाई रंगल्या होत्या. मी नामात मन घालत होते, पण मन राहतंय कुठं? निरूपण संपत आलं तेव्हा कळ आली. मी पाळण्याची दोरी घट्ट धरली. घामानं शाल ओली झाली. समोर पुरुषांत हे बसले होते, माझ्या तोंडाकडे पाहत. अर्धे उठले, मग बसले. देवा, मी म्हटलं, आता तूच बघ. मी उठते. जाऊ दे मान.

आणि नारदाच्या गादीवर मालतीबाईंनी झांज थांबवली.

"मंडळी! आता कौसल्येच्या महालाच्या दाराशी आलो. पण आमच्या गुरूंच्या परंपरेत रिकाम्या पायांनी महालात शिरायचं नसतं. जन्माआधी रामरायाला प्रदक्षिणा घालायची. उठा! सगळे उठा! पुरुष मंडळी आतल्या बाजूनं, भगिनी बाहेरच्या बाजूनं, भक्तनिवासाच्या अंगणातून. नामाचा गजर सोडायचा नाही!"

तबलजी भांबावला, पण त्यानं ठेका धरला. सगळं देऊळ उठलं. मारुतीरायांना ओलांडायचा प्रश्नच नव्हता, तेही उठलेच असतील. हे गर्दीतून वाट काढत पुढं झाले. त्यांनी माझ्या हातातून दोरी घेतली, म्हणाले, "जा. मी धरतो." मी चौरंगावरून उतरले आणि बाहेर पडले.

भक्तनिवासात दोनच दारं. मी पोचले आणि बघते तर माझ्यापुढं रांग! आणि रांगेच्या टोकाला, दाराला हात लावून, पदर दातांत धरून, प्रमिलावहिनी जोगळेकर.

"वहिनी? तुम्ही?"

"बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "तुझ्यासारखी निर्जळी मीही धरत होते, ती काय भक्तीनं?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरीनं. मग सगळी रांग पोट धरून हसायला लागली, आणि तशा अवस्थेत हसणं म्हणजे काय, ते तुमच्यातल्या काहींना ठाऊक आहे. लेल्यांच्या काकू कळवळून म्हणाल्या, "हसवू नका गं मेल्यांनो!" माझ्या मागंही रांग वाढतच होती. मला वाटत होतं मी एकटीच.

आतून तात्यांचा आवाज येत होता. "बाई, एक प्रदक्षिणा झाली! पावणेबारा! जन्माची वेळ टळेल!"

आणि मालतीबाईंचा, माइकवरून, साऱ्या वेळण्याला ऐकू जाईल असा: "तात्यासाहेब, कौसल्यामाता इतके महिने थांबली, तुम्हाला पाच मिनिटं थांबवत नाही? ही झाली रामाची. आता एक सीतामाईची!"

त्या सभामंडपाच्या खिडकीशी येऊन आमची रांग बघत होत्या, हे मला दिसत होतं. सीतामाईची झाली तेव्हा अजून काही जणी उरल्या होत्या. "आणि एक मारुतीरायाची!" तिसरी संपली तेव्हा मागं लेल्यांच्या काकू एकट्याच होत्या. त्या बाहेर आल्या, हात धुतले, आणि मालतीबाईंनी झांज वाजवली.

जन्माची गोष्ट त्यांनी इतक्या थोडक्यात आणि इतकी सुंदर सांगितली की तशी मी पुन्हा ऐकली नाही. बाराचा ठोका पडला, गुलाल उधळला, ह्यांनी दोरी माझ्या हातात परत दिली आणि मी पाळणा म्हटला. आग होती, पण घाई नव्हती. सगळ्या बायकांनी सूर धरला. दाराशी कुणीच बसलं नव्हतं.

सुंठवडा वाटताना मी मालतीबाईंना हळूच विचारलं, "खरंच तुमच्या गुरूंची ही रीत?"

"गुरू सत्तरीचे होते माझे," त्या म्हणाल्या. "त्यांनाही ही घाई होत असणार, आयुष्यात कधी बोलले नाहीत. पण आज असते तर आशीर्वादच दिला असता."

पुढच्या आठवड्यात खाडे डॉक्टरांकडे वेळण्याच्या बायकांची रीघ लागली. प्रमिलावहिनींची साखर वाढलेली निघाली, त्यांना वेगळं औषध लागलं. पट्टी सगळ्यांची सारखी नसते, ते तेव्हा कळलं. मला पावसाळ्यापर्यंत पुरतं बरं वाटलं. पडवीतली गादी तर त्याच्या आधीच आत आली होती. वारा कमी लागतो म्हणून ह्यांनी तक्रार केली नाही. व्रताचं फुलपात्र अजून आहे. हे काय, त्या तांब्यावर उपडं घातलंय तेच. पाणी मी त्यातच पिते.

पुढच्या वर्षी दुसरे बुवा आले. पूर्वरंग झाल्यावर बायका आपण होऊन उठल्या. बुवांनी विचारलं, हे काय? तात्या म्हणाले, इथली परंपरा आहे. मग दरवर्षी कुणीतरी तिचा अर्थ लावला. एकानं त्रिगुण सांगितले, एकानं तीन लोक. काल तापत्रय झालं. मला वाटतं, तोच अर्थ त्यातल्या त्यात जवळ आला.

मालतीबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या नावाची देवळात पाटी नाही, अहवालात उल्लेख नाही. म्हणून एक मागणं मागते. उद्या प्रदक्षिणेला उठाल, पहिली रामाची, दुसरी सीतामाईची, तिसरी मारुतीरायाची. तिसरी घालताना खिडकीशी या, आणि मनातल्या मनात एकदा मालतीबाई चांदोरकरांची आठवण काढा. आणि ज्यांना रांगेत उभं राहायचं असेल त्यांनी खुशाल राहा. तुम्ही परत येईपर्यंत झांज थांबून राहील.